बिनकोळशाचा उन्हाळा

बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या भुवया बघाव्यात. नाना त्रिभुवनांना भुवया नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. भट्टीच्या झडपेशी रोज तोंड नेऊन त्या जळून गेल्या होत्या आणि तिथली कातडी घासलेल्या तांब्यासारखी तुकतुकीत झाली होती. त्यामुळे नाना रागावलेत की खुशीत आहेत, हे चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही. नवा माणूस त्यांच्यापुढे उभा राहिला की चाचपडायचा. मी तर पहिल्या दिवशी चक्क घाबरलो होतो.

मी आमच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. कारखाना बेलापूर आणि देवळाली प्रवरा यांच्या मधल्या पट्ट्यात, कालव्याच्या कडेला. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तो जाळून वाफ करायची, वाफेवर वीज करायची, लागेल तेवढी वापरून उरलेली विकायची. या वीजघराला सगळे ‘कोजन’ म्हणत. नाना तिथे बॉयलर अटेंडंट होते, पुढे फोरमन झाले. राहायला कारखान्याच्या मागच्या वस्तीत, म्हणजे बरोबर चिमणीच्या वाऱ्याखाली. आडनाव त्रिभुवन आणि सत्ता एका भट्टीवर, अशी त्यांची चेष्टा व्हायची. त्यावर ते म्हणायचे की भट्टी आहे म्हणून बाकीचं त्रिभुवन चहा पितंय.

बगॅसमध्ये ओल किती आहे, हे रोज तपासणं माझं काम. ओल जास्त असली की आग मंदावते. मी नमुना ओव्हनमध्ये वाळवून, वजन करून, आकडेमोड करून आकडा पाठवायचो. नाना पट्ट्यावरून येणारं बगॅस मुठीत घेत, आवळत, मूठ उघडत आणि गोळा कसा विस्कटतो ते बघून आकडा सांगत. पहिल्या हंगामात मी हसलो. मग पैज लागली, हरेल त्यानं कँटीनची भजी खिलवायची. आठवडाभर मीच भजी खिलवली. शेवटी मी माझं ओव्हन दुरुस्तीला पाठवलं. ते ठणठणीत असल्याची चिठ्ठी घेऊन परत आलं, तेव्हा नानांनी मला एक प्लेट भजी आपल्या खर्चानं दिली आणि ‘मशिनीला बोल लावू नये,’ एवढंच म्हणाले.

नाना बोलायचे कमी. पण कारखान्यात काय चाललंय ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि त्याचा उपयोग कसा करायचा हेही त्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन असतं. मांडव घालतात, चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, आणि मग पेटता पलिता भट्टीच्या तोंडातून आत टाकतात. एकदा गुरुजींची मोटारसायकल बंद पडली तर माझ्या आडनावाकडे बघून मलाच मंत्र म्हणायला बसवलं. मला येत होते चार, ते फिरवून फिरवून म्हटले. नाना पूजेला हात जोडत नसत. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांचे वडील छप्पनच्या दीक्षेनंतर गावकीची कामं सोडून आलेले. ते मागे हात बांधून बाजूला उभे राहत. पण पलिता आत पडला की भट्टी अशी भडकायची की बायका पदर सावरायच्या आणि चेअरमन प्रसन्न व्हायचे.

त्या दिवशी मंत्र संपवून मी मागच्या बाजूला गेलो आणि बघतो तर मागच्या झडपेजवळ पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, राख. नानांनी पहाटेच आतून विस्तव लावून ठेवला होता. थंड भट्टीत कापराचा पलिता टिकत नाही, ओढीच्या वाऱ्यानं विझतो. मी विचारलं, हे दरवर्षी करता? ते म्हणाले, ‘व्हय. इझला तर काय म्हनतील? त्रिभुवननं हात जोडले न्हाईत म्हनून इझला. मंग वर्षभर जे मोडंल ते माझ्या नावावर.’ मी ही गोष्ट त्यांच्या हयातीत कुणाला सांगितली नाही. माझ्याकडून त्यांची म्हणून सांभाळली गेलेली ती एकच गोष्ट असावी.

आता त्यांच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळे झालं. बॉयलरवर दर तासाला वहीत नोंदी करायच्या असतात. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, किती बगॅस, किती कोळसा. नाना शिफ्ट सुरू होण्याआधीच आठही तासांच्या नोंदी भरून टाकत. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेचं पान उघडायचं, आकडे जसेच्या तसे उतरवायचे, खाली वळणदार सही ठोकायची आणि वही फळीवर ठेवून द्यायची. मग आठ तास आगीवरची नजर काढायची नाही. त्यांच्या हाताखालचे सगळे तसंच करत, कारण नानांनीच तसं शिकवलेलं. ‘चालू आगीपुढं पेन धरायचा न्हाई,’ हा तिथला कायदा होता.

यात आळस नव्हता. नाना विशीत असताना त्यांच्याबरोबरचा कोंडिबा नावाचा माणूस नोंद लिहायला म्हणून वहीवर वाकला. तेवढ्यात पाण्याच्या काचेतली पातळी खाली गेली, ती त्याला दिसली नाही आणि नळी फुटली. वाफेनं भाजलेला कोंडिबा तीन दिवस जिवंत होता. तेव्हापासून नानांच्या लेखी वही म्हणजे तपासणीला येणाऱ्या साहेबाची वस्तू. साहेब वही बघतो, आग बघत नाही. ज्याला जे बघायचंय ते त्याला द्यावं. मी वाद घालायचो. न मोजलेला आकडा लिहिणं हे आमच्या खात्यात पाप. नाना म्हणायचे, केमिस्टसाहेब रिकाम्या बशीचंसुद्धा वजन लिहून ठेवतात. आणि ते खरंच होतं, आधी रिकाम्या बशीचं वजन लिहिल्याशिवाय आमचा हिशेब सुरूच होत नाही.

ऊस संपला की उन्हाळ्यात बगॅसही संपतं आणि कोजन कोळशावर चालतं. आमच्या विजेला सरकारदरबारी ‘हरित’ म्हणत, पण उन्हाळ्यात चिमणीतून जे निघायचं ते काळंकुट्ट असायचं. मागच्या वस्तीत त्या दिवसांत कुणी पापड-कुरडया गच्चीवर घालत नसे. नानांच्या पत्नी, शांताबाई, गव्हाचा चीक पातेल्यात घेऊन टेम्पोनं बेलापूरला बहिणीकडे जात आणि तिच्या गच्चीवर कुरडया घालून चार दिवसांनी परत येत. याची कुणी तक्रारही करत नव्हतं. तो वस्तीचा रिवाज होऊन गेला होता.

एका वर्षी कोळसाच आला नाही. खाणीकडे टंचाई होती म्हणे. तेव्हाचे चीफ इंजिनिअर नोकरी सोडून गेलेले, नवे यायचे होते. वीज देण्याचा करार तर होता. कोजन बंद ठेवायचं ठरत होतं तेव्हा नाना म्हणाले, मी चालवतो. त्यांनी हंगामभर बगॅसचा एक मोठा ढीग ताडपत्र्या घालून कोरडा राखला होता, कशासाठी ते कुणी विचारलं नव्हतं. तो पुरणार नव्हता. मग त्यांनी एक टेम्पो घेतला आणि राहुरीपासून कोपरगावपर्यंत गावं पालथी घातली. ऊस तुटला की शेतकरी शेतात पाचट पेटवून देतात, कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या बांधावर जाळतात. नाना त्यांना म्हणत, शेतात जाळता ते माझ्या भट्टीत जाळा. उन्हातान्हात हिंडून माणसाचं पार काष्ठ झालं.

मिश्रण कसं करायचं, हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडणार नव्हतं. मुठीनं, नाकानं आणि आगीच्या रंगानं त्यांनी ते जमवलं. कोजन चैत्रापासून पावसाळा लागेपर्यंत चाललं आणि कोळशाचा एक खडा भट्टीत गेला नाही. चिमणीकडे बघितलं तर ती चालू आहे की बंद, ते कळत नव्हतं. त्या वर्षी शांताबाईंनी कुरडया स्वतःच्या गच्चीवर घातल्या. एक डबा आमच्याकडे आला. पांढऱ्याशुभ्र होत्या.

माझ्या प्रयोगशाळेच्या वहीत कोळशाच्या नमुन्याचा एक रकाना होता. त्या उन्हाळ्यात मी रोज तारीख घालून त्यात ‘नमुना आला नाही’ असं लिहीत होतो. तीन महिने रोज. शेजारी पाचट, पऱ्हाटी आणि तुराटीचे आकडे. नाना कधी आले तर तो रकाना बघून म्हणत, रिकामी बशी भरली वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात कोळसा आला आणि सगळं पूर्ववत झालं. नानांना कुणी शाबासकी दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले.

त्यानंतर बऱ्याच काळानं सरकारचा आदेश निघाला. हरित म्हणून वीज विकणाऱ्या प्रकल्पांनी कोळसा एका मर्यादेच्या आतच जाळायचा, कारण त्यातून हवेत जाणाऱ्या कार्बनला आळा घालायचाय. आमच्या कारखान्यानं त्याविरुद्ध हायकोर्टात याचिका केली आणि आदेशाला स्थगिती मिळवली. म्हणजे निकाल लागेपर्यंत मर्यादा कागदावर आणि कोळसा भट्टीत. याचिकेतलं एक वाक्य पेपरात छापून आलं होतं. या भागात मर्यादा पाळून प्रकल्प चालवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे.

त्या दिवशी भर दुपारी नाना आमच्या घरी आले. पेपराची घडी खिशात होती. पाणी प्यायले, मला ते वाक्य वाचायला लावलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी म्हटलं, नाना, वकिलांची भाषा असते ती. ते म्हणाले, ‘अशक्य म्हंजी? मी मेलोय का?’

मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. पर्यावरणाचं वगैरे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी कार्बनचा हिशेब त्यांच्या डोक्यात लख्ख होता. ऊस वर्षभर हवेतून जे घेतो तेच बगॅस जाळून आपण परत देतो. कोळसा मात्र जमिनीखालून उकरून वर आणतो, त्याचं परत कोण घेणार? पण खरं सांगायचं तर ते त्यासाठी उठले नव्हते. वस्तीसाठीही पूर्णपणे नाही. त्यांनी एक उन्हाळाभर जे करून दाखवलं होतं ते होऊच शकत नाही असं कोर्टात लिहून दिलं गेलं होतं. सगळ्या नोकरीत त्यांना अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट होती. ती झाली होती, एवढं कोर्टाच्या कागदावर यावं, इतकंच त्यांना हवं होतं.

मागच्या वस्तीतल्या लोकांनी या खटल्यात आम्हालाही ऐका म्हणून अर्ज केला. श्रीरामपूरच्या एक तरुण वकीलबाई त्यांचं काम बघत होत्या. नानांनी प्रतिज्ञापत्र दिलं. अमुक साली अमुक महिन्यांत मी कोळशाशिवाय हा बॉयलर चालवला. तारखेला ते एसटीनं संभाजीनगरला जात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, फडक्यात भाकरी. परत आले की मी विचारायचो, काय झालं? पहिल्यांदा सरकारी वकिलांनी मुदत मागितली होती. दुसऱ्यांदा कारखान्याच्या वकिलांनी मागितली. तिसऱ्यांदा नंबरच लागला नाही. आपला चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढंसुद्धा कोर्ट आपल्याकडं बघत नाही, असं ते सांगत, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. भट्टी तापायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं.

मग कारखान्यानं उत्तर दाखल केलं. त्याला बॉयलरच्या वहीची पानं जोडली होती. त्याच उन्हाळ्याची पानं. रोज, दर तासाला कोळसा, आणि प्रत्येक पानाखाली फोरमनची वळणदार सही. य. बा. त्रिभुवन. कारखान्याचं म्हणणं असं, की ज्या उन्हाळ्याचा दाखला हे गृहस्थ देतात, त्या उन्हाळ्यात यांनीच रोज मर्यादेबाहेर कोळसा जाळलाय. यांच्याच सहीनं सिद्ध होतं, की मर्यादा पाळणं अशक्य आहे.

वकीलबाईंच्या ऑफिसात काय झालं ते नानांनीच मला सांगितलं. बाईंनी झेरॉक्स समोर ठेवून विचारलं, ही सही तुमची? नाना हो म्हणाले. मग हा कोळसा? नानांनी कोंडिबाची गोष्ट सांगितली, चालू आगीपुढे पेन का धरायचं नाही ते सांगितलं, आदल्या वर्षीच्या पानावरून आकडे कसे उतरवायचे तेही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी झेरॉक्स उलटी करून ठेवली. मग म्हणाल्या, ‘नाना, तुम्ही कोर्टाला सांगणार की तीस वर्षं मी वहीत खोटं लिहिलं. मग कोर्ट विचारेल, आज लिहून दिलंय ते खरं कशावरून?’

कोळशाच्या खरेदीची बिलं कारखान्याच्याच कपाटात होती, ती बाहेर येणार नव्हती. बाईंनी विचारलं, त्याच वेळी लिहिलेला दुसरा कुठला कागद आहे का, दुसऱ्या कुणाच्या हातचा? तेव्हा नानांचा चेहरा उजळला असणार. ते म्हणाले, आहे. केमिस्टसाहेबांची वही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. पण लिहायला घेतलंय तर लिहितो.

नाना माझ्याकडे आले त्याच्या आदल्या आठवड्यात जनरल मॅनेजरनी मला बोलावून घेतलं होतं. चहा मागवला. दाराची कडी लावली नाही, आवाज चढवला नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, प्रयोगशाळेच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली असेल ना? मग विचारलं, तुमचा मुलगा डिस्टिलरीत कंत्राटावर आहे, त्याला यंदा कायम करायचं बघू या का? या दोन वाक्यांत त्यांनी ‘आणि’ सुद्धा घातला नाही. माझ्या नोकरीचं दीड वर्ष राहिलं होतं. मी बघतो म्हणालो. त्याच संध्याकाळी मी ती वही कपाटातून काढली, भाजीच्या पिशवीत घातली, वर मेथीची जुडी ठेवली आणि घरी आणली. बायकोनं मेथी निवडायला घेतली आणि मी वही दिवाणाच्या खणात ठेवली.

नाना आले तेव्हा मी त्याच दिवाणावर बसलो होतो. त्यांनी सगळं सांगितलं. ‘तुमची वही आसंल तर मी जिकलो, केमिस्टसाहेब. तुमी एक दिस काय खाडा केला न्हाई.’

मी म्हटलं, नाना, शोधली मी. जुन्या वह्यांना वाळवी लागली होती. सापडत नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही वाचता आलं नव्हतं, तेव्हाही आलं नाही. मग ते म्हणाले, ‘वाळवी लई वंगाळ. तुमची येवढी मेहनत खाल्ली तिनं.’ उलट त्यांनीच माझी समजूत काढली. माझ्या बायकोला हाक मारून पाणी मागितलं, ते मला दिलं. मी ते प्यायलो. लाज वाटत होती, पण उठून दिवाण उघडावा इतकी वाटली नाही. माणूस स्वतःला बरा समजत जगतो आणि एक दिवस त्याला आपलं माप कळतं. मला त्या दुपारी कळलं.

शांताबाईंनी आपल्या परीनं एक प्रयत्न केला. वकीलबाई वस्तीत आल्या तेव्हा त्यांनी एक जुना डबा समोर ठेवला. त्या उन्हाळ्याच्या कुरडया त्यांनी मूठभर राखून ठेवल्या होत्या, शेजारी दुसऱ्या एका वर्षीच्या, बेलापूरला जाणं झालं नाही म्हणून वस्तीतच घातलेल्या, राखेचे ठिपके पडलेल्या. त्यांचं म्हणणं, ह्या न्या कोर्टात, साहेबाला दाखवा, बाईमाणूस असंल तर लगेच कळंल. बाईंनी त्या हातात घेऊन बघितल्या आणि सांगितलं, मावशी, मला कळलं, पण कुरडईवर तारीख नसते. शांताबाईंनी डबा बंद केला. नंतर त्या कुणाशी खटल्याबद्दल बोलल्या नाहीत.

एवढं होऊनही नानांनी दुसरं प्रतिज्ञापत्र दिलं. बाई नको म्हणत होत्या. त्यात त्यांनी लिहून दिलं की वहीतल्या नोंदी मी खोट्या लिहिल्या, माझ्या हाताखालच्यांना तसंच शिकवलं, त्याची जी काय शिक्षा असेल ती द्या, पण त्या उन्हाळ्यात कोळसा जळला नाही. त्यांच्या वाढीव पेन्शनीचे कागद कारखान्याकडे अडकले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले लोक रस्त्यात भेटले तर बघून न बघितल्यासारखं करू लागले, कारण आता त्यांच्याही सह्यांवर चौकशी येऊ शकत होती. नाना आयुष्यभर ज्यांच्या नजरेत मोठे होते त्यांच्याच नजरेतून उतरले, आणि तेसुद्धा खरं बोलून. कारखान्याच्या गेटवर सांगून ठेवलं होतं, त्रिभुवन आला तर आत सोडायचं नाही.

निकाल लागलाच नाही. म्हणजे लागला, पण तो लागल्यासारखा नव्हता. सरकारनं फेरविचारासाठी म्हणून तो आदेशच मागे घेतला. आदेश नाही तर त्याविरुद्धची याचिकाही नाही. पाचसहा ओळींत प्रकरण निकाली निघालं. अशक्य की शक्य, यावर एक शब्द नाही. त्या दिवशी नानांबरोबर मीही गेलो होतो, रजा टाकून. का गेलो ते सांगता येत नाही. कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली बाईंनी नानांना समजावलं की तुम्ही हरलेला नाहीत.

नाना म्हणाले, ‘हारलो न्हाई म्हंजी जिकलो का?’

‘नाही.’

‘मंग काय झालं?’

बाईंनी हातातली फाईल बंद केली. ‘काही झालं नाही, नाना.’

परत येताना एसटीत ते खिडकीशी बसले होते. नेवासा फाटा आला. मग म्हणाले की इतकी वर्षं वाटायचं, वहीत काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही, आगीत काय जळलंय ते खरं. तसं नसतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वरच्या कोर्टात जाता येईल. ते हसले. त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला आणि कोजनसमोर कोळशाच्या ट्रकांची रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेली. शांताबाई चीक घेऊन बेलापूरला गेल्या.

माझा मुलगा कायम झाला. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता. शाल, नारळ, जनरल मॅनेजरचं भाषण. मी कर्तव्यदक्ष असल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. भाषण चालू असताना गेटवरून फोन आला की त्रिभुवन आलेत, आत यायचं म्हणतात. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. माझाच समारंभ, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. मी म्हटलं, येऊ द्या.

नाना तोच पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले. शर्ट आता अंगावर सैल झाला होता. कुणाला दोन शब्द बोलायचेत का असं विचारल्यावर ते उठले. पुढे आले नाहीत, तिथूनच बोलले.

‘ह्या मानसानं वहीत कधी खोटं लिवलं न्हाई. मी लिवलं, म्हनून माझं खरं कुनाला पटलं न्हाई. ह्यांच्यासारखं लिवलं असतं तर बरं झालं असतं. पोरांनो, ह्यांच्याकडून शिका.’

एवढं बोलून ते खाली बसले. सगळ्यात आधी टाळ्या जनरल मॅनेजरनी वाजवल्या. मी शाल सावरत उभा होतो. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

खाणंपिणं झाल्यावर मी नानांना सोडायला गेटपर्यंत गेलो. शांताबाईंसाठी जिलेबीचा पुडा त्यांच्या हातात दिला. त्यांचा खोकला वाढला होता, मध्येमध्ये थांबावं लागत होतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. नाना, ती वही. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, कोर्ट संपलं होतं, माझी नोकरी संपली होती, आता मला कसलीही भीती नव्हती. गेटशी आलो तसे ते म्हणाले, ‘आता रिकामपन हाय तुमाला. घरातल्या कागदांत बघा एकदा. चुकून घरी आली आसंल. कोर्टाचं ऱ्हाऊ द्या, मला नुसती वाचायची हाय. घाई न्हाई.’

‘बघतो,’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पुडा दुसऱ्या हातात घेतला आणि कालव्याच्या रस्त्याला लागले. वस्तीकडे वळायचं ते वळण गेटपासून बरंच लांब आहे, आणि नाना फार सावकाश चालत होते. मला हाक मारता आली असती. ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथे उभा होतो आणि हाक मारली नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.